मामाच्या जागी

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
९ जून २०२४

देवेशमामा,

अक्षर ओळखलंस ना? तूच वळवलंस ते. सोहारच्या कंपाउंडमध्ये, दर शुक्रवारी, एसीच्या ठिबकणाऱ्या पाण्यावर तुळस वाढली होती तिच्या शेजारी बसवून. ओमानात मराठी शाळा नाही म्हणून आठवड्याला एक पत्र, असा तुझा कायदा. मी संयुक्ताला लिहायचं, तिनं मला, आणि दोन घरांमध्ये अंतर केवढं, तर एक भिंत.

फोन करत नाही कारण फोन नाही. संयुक्तानं माझा नंबर ब्लॉक केला त्या दिवशी मी तो इथल्या मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजच्या, तिसऱ्या मजल्यावरून खाली फेकला. खाली फुलवाली बसते. तिला लागला नाही हे नशीब. तिनं वर बघून तामिळमध्ये जे ऐकवलं ते मला अर्धंच कळलं, पण अर्धं पुरेसं होतं.

बाकीचं तुझ्या अक्कानं, म्हणजे संयुक्ताच्या आईनं, विद्याकाकूनं, सांगितलंच असेल. आता माझ्या तोंडून ऐक. जानेवारीत कॉलेज सोडलं. वर्गात शंका विचारली तर सर म्हणाले, "फॉरिन रिटर्नला सगळं येतं, तुम्हीच शिकवा." मी पुस्तक बाकावर आपटलं आणि निघालो तो निघालोच. त्याच आठवड्यात अड्यारला संयुक्ताच्या घरी जाऊन तिच्या वडिलांना, शेषाद्रीकाकांना, सरळ सांगितलं, मला संयुक्ताशी लग्न करायचंय. काका म्हणाले, "आधी शिक्षण पुरं कर, मग बोलू." साधं वाक्य होतं रे. पण मला त्यात फक्त नकार ऐकू आला. मी आवाज चढवला. दारातली चपलांची मांडणी लाथेनं पाडली. काकू खाली बसून एकेक चप्पल परत लावत राहिली. ते मला अजून दिसतं. संयुक्ता आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

आता गुम्मिडिपूंडीला एका कारखान्यात बोल्ट तपासतो. गेजमध्ये बोल्ट घालायचा. बसला तर डावीकडे, नाही बसला तर उजवीकडे. दिवसभर. बाबांचा नाशिकहून निरोप आहे की कॉलेजला परत जाईपर्यंत घरी येऊ नकोस. नाहीच जात.

मामा, मी वेडा झालेलो नाही. मला एवढंच सांग, दहा वर्षं आपण जे जगलो ते इथे मी कोणाला सांगू? मॅन्शनमधल्या माझ्या खोलीवाल्याला वाटतं टांगा म्हणजे घोड्याचा. मी सांगितलं, टांझानियातलं गाव आहे, आम्ही तीन वर्षं राहिलो, तर म्हणतो, "बरं बरं." आपले वडीलधारे सिमेंटचा कारखाना उभा करायचे, चालू करून द्यायचे आणि चालू झाला की आपण सगळे निघायचो. सोहार, टांगा, मग व्हिएतनामात हायफाँग. प्रत्येक शाळेतले मित्र मागे राहिले. पुढे आलो ते आपण तिघंच. ती नसेल तर माझी नऊ ते एकोणीस ही वर्षं झालीच नाहीत असं होईल.

तू तिचा मामा. तुमच्या तंजावरी मराठी घरात तुझं वजन आहे. माझ्यासाठी एकदा बोल. सोबत एक बंद पाकीट आहे, तिच्या हातात दे. तू उघडणार नाहीस हे मला लिहायलाही नको.

तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.
मक्या


तंजावर
१८ जून २०२४

प्रिय मकरंदा,

पत्र मिळालें. आईने पाकीट उन्हाला धरून बघितलें आणि म्हणाली, "अत्ताच्या काळांत इतकें जाड कोण लिहितो रे?" मी म्हणालों, माझा विद्यार्थी. तेवढें खरें आहे.

लाथेची गोष्ट अक्काने सांगितली नाहीं, संयुक्ताने सांगितली. अक्का तुझ्याविषयीं एवढेंच म्हणाली कीं पोरगा फार बारीक झाला आहे, मॅन्शनमध्ये काय खातो कोण जाणे.

परवां अड्यारला गेलों होतों. पाकीट संयुक्ताच्या हातांत दिलें. तिने तें घेतलें, माझ्यासमोर उघडलें नाहीं.

तूं कॉलेज पुरें कर. मी शाळामास्तर झालों म्हणून सांगत नाहीं. बोल्ट डावीकडे-उजवीकडे करायला तूं जन्मला नाहींस.

दुसरें कसें लिहूं? आमच्या घरच्या गोष्टी तुला वाटतात तितक्या मोकळ्या नाहींत. आईच्या मनांत कांहीं जुन्या गोष्टी आहेत, संयुक्ता जन्मली तेव्हांपासूनच्या. त्यांत मीं बोलावें अशी माझी जागा नाहीं. उलट माझी जागाच अशी आहे कीं बोलणें मला शोभत नाहीं. तूं हें समजून घेशील तर बरें.

रागावलास कीं लिहीत जा. लिहितांना हात दुखतो, तेवढा वेळ तरी मिळतो.

देवेश


तिरुवल्लिकेणी, चेन्नई
२८ जुलै २०२४

मामा!

तिनं पाकीट घेतलं! तू ते एका ओळीत उरकलंस, पण मी ती ओळ किती वेळा वाचली असेन. नको असतं तर तिनं घेतलंच नसतं. मी तिला ओळखतो.

आणि ऐक. मागच्या रविवारी मी अड्यारला बसस्टॉपवर उभा होतो. रागावू नकोस, नुसता उभा होतो. समोरच्या साड्यांच्या दुकानातून तुम्ही दोघं बाहेर आलात. तिच्या हातात पिशव्या, तुझ्या हातात छत्री. ऊन मरणाचं होतं आणि तू छत्री सगळी तिच्यावर धरलेली, स्वतः भाजत होतास. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दुसरा कोणी असता तर रस्ता ओलांडून आलो असतो आणि काय केलं असतं देव जाणे. पण तू होतास. म्हणजे माझंच माणूस तिच्याजवळ आहे. मी तसाच बसमध्ये चढलो आणि मॅन्शनवर येऊन पोटभर जेवलो.

आजीच्या जुन्या गोष्टींचं तू मनावर घेऊ नकोस. तिनं कोणी कुंभकोणमचा मुलगा धरून ठेवला असेल मनात. तू समजाव. आमच्याकडे भाचीच्या लग्नात मामाचा शब्द शेवटचा असतो. तुमच्यात नसतो का?

आता मुख्य बातमी. एका एजंटला भेटलो. सोहारला नवा कारखाना होतोय, तपासनीस हवेत, डिग्री नसली तरी चालते, हातातलं काम बघतात. सोहार, मामा! तेच बंदर, तीच धूळ. लग्न करून तिला घेऊन जातो. तिथे जुळलं की टांगा बघून येऊ. तूही सुट्टीत ये.

टांग्याचा धक्का आठवतो? मला मलेरिया झाला होता, तू आठ दिवस माझ्या कपाळावर पट्ट्या बदलत होतास. बरा झाल्यावर पहिल्यांदा बाहेर पडलो ते आपण तिघं त्या धक्क्यावर गेलो. संयुक्ता पाय सोडून बसली होती. आंब्याला तिखटमीठ लावलेलं होतं. ती म्हणाली, "आपण तिघांनी कायम एकत्र राहायचं, कोणी कुठे जायचं नाही." मी चौदा वर्षांचा होतो. त्या दिवशी माझं ठरलं. सात वर्षं मी ते वाक्य घेऊन फिरतोय. हायफाँगला दीड वर्ष कंपाउंडचं फाटक बंद होतं, शाळा पडद्यावर, माणसं मास्कमध्ये, तेव्हाही मला कंटाळा आला नाही, कारण शेजारच्या गच्चीत ती होती.

दुसरं पाकीट जोडतोय. त्यात सोहारचं सगळं तिला लिहिलंय. वाचून ती नाचेल बघ.

तुझा मक्या


तंजावर
२ सप्टेंबर २०२४

प्रिय मकरंदा,

उत्तराला उशीर झाला. तीन वेळां लिहून फाडलें.

दुसरें पाकीटही तिला दिलें. तें तिने माझ्यासमोर वाचलें. मग कागद घडी करून परत आंत ठेवला.

संयुक्ताचें लग्न ठरलें आहे. तै महिन्यांत, म्हणजे जानेवारी सरतां सरतां. इथेंच तंजावरांत. मुलगा घरांतलाच आहे, तुझ्या चांगल्या माहितीचा. नांव लिहायला घेतलें कीं माझा हात अडतो. कदाचित तुला आधींपासून ठाऊक असेल आणि मीच उगीच भीत असेन.

बसस्टॉपवर उभा राहूं नकोस. शेषाद्री भावोजींनी तुला बघितलें होतें. ते त्या दिवशीं जेवले नाहींत.

मला दोष देशील. दे.

देवेश


तिरुवल्लिकेणी, चेन्नई
१५ सप्टेंबर २०२४

श्री. देवेश यांस,

"घरांतलाच, तुझ्या चांगल्या माहितीचा." मी किती हुशार बघा. दोन दिवस विचार केला आणि शोधून काढला. हरिप्रसाद! संयुक्ताच्या आत्याचा मुलगा, हायफाँगला आपल्याकडे महिनाभर येऊन राहिलेला. मामाची मुलगी आत्याच्या मुलाला देतात, हे आमच्या नाशकातही चालतं. माहितीचाही आहे, घरातलाही आहे. झालं तर मग.

पाळी बुडवून त्याच्या बँकेत गेलो. काचेखालून हात घातला, कॉलर धरली, म्हणालो, "बाहेर चल." तो मला ओळखून खूश झाला. "अय्यो, मकरंदा? केवढा झालास! थांब, टोकन घेतलंस काय?" तो काउंटरबाहेर आला तशी मी त्याला दारापर्यंत ओढला आणि एक ठेवून दिली. सगळी रांग बघत होती. चौकीदार धावला, तर हा गाल धरून त्याला सांगतो, "ओन्नुम इल्ले, काही नाही, आमच्या घरचा पोरगा आहे." आणि मला टपरीवर घेऊन गेला. कॉफी मागवली. माझ्यासाठी!

म्हणाला, "कशाबद्दल मारलास तेवढं सांग. बोटं उमटलीत. घरी बायकोला काय सांगू?"

मी म्हणालो, "बायको?"

"विद्युलता. दोन वर्षं झाली. मुलगी आहे, रांगते."

"संयुक्ताचं लग्न तुझ्याशी नाही?"

तो हसला. गालावर थंड पाण्याचा ग्लास धरून हसला. "माझ्याशी का? मामा आहे की तिचा. मामा असताना आम्ही कोण?"

मला वाटलं, तुम्ही ठरवणार असं त्याला म्हणायचंय. मी म्हणालो, "मामा काय ठरवणार आहे?"

त्याचं हसणं गेलं. माझ्याकडे नीट बघून तो हळू म्हणाला, "ठरवणार नाही रे. करणार आहे. तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. रस्त्यावर माणसं चालत होती, बस जात होत्या, मामानं भाचीशी लग्न करण्यात एकालाही विचित्र वाटलं नसतं. सगळ्या शहराला माहीत असलेली गोष्ट मला एकट्याला माहीत नव्हती, कारण मी दहा वर्षं तिकडे होतो आणि तिकडे जे शिकलो ते तुमच्याकडून शिकलो.

आमच्याकडे भाचीच्या पाया पडतात, साहेब. माझा मामा माझ्या बहिणीच्या पायाला हात लावतो. म्हणून मी तुमच्याजवळ सगळं उघडं केलं. मला तिच्या हसण्याचं काय वाटतं, मी रस्त्यात उभा राहून काय बघतो, सगळं. तुम्ही ते कुठे बसून वाचलंत? तिच्याशेजारी? छत्रीबद्दल लिहिलं ते वाचून काय वाटलं? माणसानं काहीतरी म्हणायला हवं होतं. "थांब, गाढवा" एवढं तरी.

माझी दोन्ही पाकिटं खरंच दिलीत का? मला आता तेही माहीत नाही.

मकरंद


तंजावर
६ ऑक्टोबर २०२४

मकरंदा,

पाकिटें दिलीं. तेवढ्यावर तरी विश्वास ठेव.

हरिप्रसादाचा गाल बरा आहे. तो सगळ्यांना सांगतो कीं दाराला आपटलों.

संयुक्ताच्या बारशाला मी सहा वर्षांचा होतों. आईने तिला माझ्या मांडीवर ठेवलें आणि म्हणाली, "धर नीट, तुझीच आहे." सगळे हंसले. त्या दिवसापासून तें बोलणें आमच्या घरांत आहे, जसा घरांत खांब असतो. कोणी त्याकडे बघत नाहीं आणि कोणी तो काढतही नाहीं. बाबा गेले, मी पंधरा वर्षांचा असतांना अक्काने मला ओमानला आपल्याजवळ नेलें. तिकडे सगळ्या बायका मला "जांवईबापू" म्हणून चिडवीत. तुझी आई यामिनीकाकूही. तूंही त्यांत हंसत असस. मी धरून चाललों कीं तुला कळतें. तूं थट्टा समजत होतास, हें मला तुझ्या जूनच्या पत्रावरून कळलें.

तेव्हांच लिहायला हवें होतें. लिहिलें नाहीं, त्याचीं दोन कारणें आहेत. एक सांगण्यासारखें आहे. मीं संयुक्ताला पाकीट दिलें तेव्हां म्हणालों, तुला त्याच्याकडे जायचें असेल तर मी आईला सांगतों, मी बाजूला होतों. तिने विचार करायला वेळ मागितला. तिचें उत्तर येईपर्यंत तुला काय लिहूं? तें सोहारच्या पत्रानंतर आलें.

दुसरें कारण सांगण्यासारखें नाहीं. मला ती हवी आहे. टांग्याला असल्यापासून नाहीं, तसा विचारही करूं नकोस. इकडे परत आल्यावर, हल्लींच. तूं "मामा, माझ्यासाठीं बोल" असें लिहिलेंस तेव्हां मीं बोललों, पण मनांत इच्छा होती कीं तिने नाहीं म्हणावें. तुझीं पत्रें मीं शाळेंत, वर्ग सुटल्यावर रिकाम्या बाकावर बसून वाचलीं. छत्रीचें वाचलें आणि तिथेंच बसून राहिलों. शिपाई दार लावायला आला.

तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या तो मीच होतों. तेंही खोटें नव्हतें.

देवेश


अड्यार, चेन्नई
१ डिसेंबर २०२४

मकरंद,

मामाच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. सगळे सांगतात, आता तरी त्याला मामा म्हणू नकोस. जमत नाही. आजी ओरडते.

तुझी दोन्ही पत्रं माझ्याजवळ आहेत. पहिलं वाचून मी रडले. खरंच गोंधळले होते. मग दुसरं आलं. सोहार.

तू लिहिलंस की मी नाचेन. मक्या, तू दहा वर्षं माझ्या शेजारच्या घरात होतास आणि तुला हे कळलं नाही? मला तिथली एक गोष्ट आवडली नव्हती. दर वेळी विमानतळावर वजन वाचवायला एकावर एक तीन ड्रेस घालून घामाघूम उभं राहायचं, तुला ती मजा वाटायची. मला वाटायचं, या वेळी काय काय मागे टाकलं ते मोजावं. माझी एक पेटी होती, तिच्यात माझी पुस्तकं होती. टांग्याला ती मी उघडलीच नाही, कारण परत भरावी लागेल. हायफाँगलाही नाही. ती पेटी मी तंजावरला आजीच्या माळ्यावर उघडली, तेव्हा आतली सगळी पुस्तकं दहा वर्षांच्या मुलीची होती.

धक्क्यावर मी म्हणाले होते, कोणी कुठे जायचं नाही. तू 'एकत्र' एवढंच ऐकलंस. त्या सकाळी अप्पा आईला सांगत होते की कारखान्याची भट्टी पेटली, आता दोन महिन्यांत निघायचं. मी धक्क्यावर तेच म्हणत होते, मला इथून कुठेही नेऊ नका. कोणी ऐकलं नाही.

मला कोणी जबरदस्ती केलेली नाही. मामानं मला मोकळं सोडलं होतं. लग्न झाल्यावर मुलीला घर सोडावं लागतं. मला नाही लागणार. आजीचं घर तेच सासर. तिथला जिना मला अंधारातही येतो. यात प्रेम किती आहे ते मला नीट सांगता येणार नाही. पण तुझ्याबरोबर आले असते तर तू पुन्हा मला विमानतळाच्या रांगेत उभी केली असतीस, खूप प्रेमानं. तुझा राग मला सहन झाला असता. तुझी ती ओढ नाही होणार.

आता एक मागते. माळा घालायच्या वेळी नवरीला मामा घेऊन येतो, तुमच्याकडेही तसंच असतं ना? मला सख्खा मामा एकच, आणि तो समोर हार घेऊन उभा असणार. इथे रोज त्यावरून वाद आहे. आजीच्या चुलतघरचे कोणी तुळजाजी म्हणून आहेत, त्यांना मी दोनदा पाहिलंय. मला परक्याच्या हाताला धरून तिथवर जायचं नाही. तू येशील? मामाच्या जागी उभा राहशील? आईला विचारलं. ती म्हणाली, त्याला बोलव, जेवूनखाऊन जाऊ दे.

हे क्रूर आहे का, मला ठरवता येत नाही. पण माझ्या बाजूनं उभं राहील असं दुसरं माणूस मी शोधलं आणि सापडलं नाही. दर तीन वर्षांनी सगळी मागे राहिली.

नाही आलास तरी मी समजेन.

संयुक्ता


तिरुवल्लिकेणी, चेन्नई
३ फेब्रुवारी २०२५

देवेश,

तुझी बायको वाचणार असेल तर वाचू दे. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी येतो म्हणून कळवलं नव्हतं, कारण मी यायचं ठरवलं ते त्या कामासाठी नव्हतंच. भर मांडवात ओरडायचं होतं. वाक्यंसुद्धा पाठ केली होती, तंजावरच्या बसमध्ये तोंडातल्या तोंडात म्हणत होतो. शेजारचा म्हातारा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

दारात फुलं आणि साखर देणाऱ्यांत एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, "कोण तुम्ही? कोणाकडचे?" साधा प्रश्न. मला उत्तर येईना. नातेवाईक? नाही. गावचा? कोणत्या? शाळासोबती? म्हटलं तर हो, पण ती शाळा कुठे आहे ते सांगायला पाच मिनिटं लागली असती आणि मागे रांग होती. दहा वर्षं आम्ही एकत्र राहिलो, ही काय ओळख झाली? त्या मांडवात चारशे माणसं होती आणि प्रत्येकाला कोणाचा तरी काहीतरी म्हणून जागा होती. मी एकटा तिथे कोणीच नव्हतो.

मग माझ्या तोंडून निघालं, "मुलीचा मामा."

आजोबांनी माझा हात धरून मला आत नेलं. "मामा आला, मामा आला" असं ते वाटेत सगळ्यांना सांगत होते. बायका बाजूला झाल्या. त्या तुळजाजींनी माझ्याकडे बघून खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. बिचारा सुटल्यासारखा दिसला. खोलीचं दार उघडलं तर ती तयार होऊन बसलेली. मला वाटलं ती रडेल, निदान काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "आलास? चल, उशीर झालाय, भटजी ओरडतायत."

मी तिचा हात धरला. एकवीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा. ती घट्ट धरून चालत होती आणि मला कळत होतं की ती कोणालाही इतकंच घट्ट धरेल, फक्त परका नको. तुझ्यापर्यंत वीस पावलं असतील. माझी सगळी वाक्यं मला आठवत होती. एकही विसरलो नव्हतो. मग तुमचे लोक ओरडायला लागले, "मामा, उचल! मामा, उचल!" आणि मी उचललं. ती हलकी नव्हती, साडीच केवढी जड. तू समोर हार धरून उभा होतास आणि तुझे डोळे खाली होते. वर बघ, असं मला ओरडायचं होतं. मी ओरडलो नाही, कारण माझ्या हातात ती होती, आणि हललो असतो तर पडली असती. तिनं हार तुझ्या गळ्यात घातला. मी तिला खाली ठेवलं.

नंतर तुझ्या आईनं मामाचा मान म्हणून मला धोतर, तुमची ती वेष्टी, आणि नारळ दिला. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "घ्यायचं असतं रे, नाही घेतलंस तर लग्न पुरं होत नाही." घेतलं. फोटोवाल्यानं विचारलं, बाजूला कोण उभे आहेत, आणि तुझ्या आईनंच, त्रिपुरसुंदरीबाईंनी, आपल्या तोंडानं सांगितलं, "मुलीचा मामा." मी जेवलो नाही. काकू मागे आली होती डबा घेऊन. मी रिक्षात बसलो होतो. तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला आणि फाटकात उभी राहिली.

एजंटला सांगून सोहारचा अर्ज काढून घेतला. तो म्हणाला, वेडा आहेस, व्हिसा आला होता. तिथे जाऊन काय करू? बंदर बघून म्हणू, इथे आम्ही होतो, तर आम्ही म्हणजे कोण? तुझ्यासाठी ती वर्षं दुसरी होती, तिच्यासाठी शिक्षा होती. मला वाटत होतं तशी ती कोणाचीच नव्हती. माझी एकट्याची दहा वर्षं घेऊन मी कुठे जाऊ?

एक गोष्ट मात्र तुला कळली नसेल, म्हणून हे पत्र. मला परतीच्या बसमध्ये कळली. तुमच्याकडे मामाला भाचीशी लग्न करता येतं. आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे मामा झाला की झाला, मग ती उद्या एकटी पडो, तुला सोडून येवो, काहीही होवो. आणि मी आमच्याकडचाच आहे. मी तिला खाली ठेवलं तेव्हा ते दारही माझ्याच हातानं लागलं. चारशे माणसं साक्षीला होती.

तिला सांग, मी रागावलेलो नाही. खोटं आहे, पण सांग.

तू मात्र मला उत्तर लिहू नकोस. अक्षर बघून मी पाकीट उघडेन.

मकरंद
संयुक्ताचा मामा